किल्ल्यांचा जुडगा: ऑनलाइन समूहाचा चार्ज न्यायाने कसा द्यावा-घ्यावा

व्हॉट्सॲप ग्रुपचा एकुलता एक ॲडमिन ग्रुप सोडून गेला, तर ॲप उरलेल्यांपैकी कोणालाही उचलून ॲडमिन करते. रोज हजर कोण असतो, सगळे कोणाला मानतात, गेल्या महिन्यातले भांडण कोणी लावले, यातले काहीही बघितले जात नाही. चिठ्ठी टाकावी तशी निवड होते. ३०० जणांच्या ग्रुपच्या किल्ल्या अशा रीतीने ग्रुप म्यूट करून ठेवलेल्या एखाद्याच्या हाती पडतात आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो.

गृहनिर्माण सोसायटीत असे होत नाही, कारण तिथे कायदा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षाने नव्या अध्यक्षाला चार्ज, कागदपत्रे आणि संस्थेची मालमत्ता द्यावी लागते. दप्तर दडवले किंवा नष्ट केले जाईल अशी शंका असेल, तर कलम ८० खाली निबंधक ते जप्त करवून घेऊ शकतो. प्रत्यक्षात यालाही महिनोन्‌महिने लागतात, ही गोष्ट वेगळी. पण दाद मागायला एक दार तरी असते.

ऑनलाइन समूहाला निबंधक नाही. ज्या कंपनीच्या जागेवर समूह बसला आहे ती कंपनी आहे, पण तिला बहुतेक वेळा एकच प्रश्न कळतो: खाते कोणाचे? समूह कोणी वाढवला, नियम कोणी घडवले, रात्री दोन वाजता अश्लील पोस्टी कोणी काढल्या, हे तिच्या नोंदीत मालकी म्हणून उतरत नाही. त्यामुळे चार्ज देण्या-घेण्याचा न्याय समूहाने स्वतःच, आणि भांडण नसताना, ठरवून ठेवावा लागतो.

एका जुडग्यात तीन किल्ल्या

‘ॲडमिन बदलला’ असे आपण सहज म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी हात बदलत असतात.

पहिली म्हणजे बटण. माणसे काढणे, पोस्ट उडवणे, दुसरा ॲडमिन नेमणे, अख्खा समूह बंद करणे, हे सगळे ॲपने दिलेले अधिकार. दुसरी म्हणजे दप्तर: ज्या ई-मेलवर समूह नोंदला आहे तो ई-मेल, त्याचा रिकव्हरी मोबाइल नंबर, वर्गणी गोळा होते तो यूपीआय, नियमांची मूळ फाइल, कोणाला का काढले त्याची नोंद, सदस्यांनी विश्वासाने पाठवलेल्या तक्रारी. तिसरी किल्ली हातात धरता येत नाही. ती म्हणजे मान्यता. हा माणूस पोस्ट काढेल तेव्हा ‘हा कोण टिकोजीराव?’ असे लोकांना वाटू नये, इतपत संमती.

तिन्ही किल्ल्या एकाच वेळी, सगळ्यांच्या देखत एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या, तर हस्तांतर न्याय्य. तंटा होतो तो या किल्ल्या वेगवेगळ्या कमरांना लटकतात तेव्हा. याचा सर्वांत बोलका नमुना २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट नेटवर्कवर पाहायला मिळाला.

फ्रीनोड: कागद एकाकडे, काम दुसऱ्यांकडे

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांची जुनी पद्धत. आजच्या चॅट ॲपांची ती आजीच म्हणायची. मुक्त सॉफ्टवेअर बनवणारे लोक वर्षानुवर्षे फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कवर जमत. उबुंटू, जेंटू, विकिमीडिया अशा प्रकल्पांची चॅनेले तिथे होती. नेटवर्क चालवणारे सगळे स्वयंसेवक होते आणि सर्व्हर देणगीत मिळालेले. रॉब लेव्हिन यांनी ते उभे केले. २००६ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यावरही स्वयंसेवकांनी गाडा ओढत नेला.

२०१७ मध्ये नेटवर्कच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ‘फ्रीनोड लिमिटेड’ ही कंपनी अँड्र्यू ली या उद्योजकाला विकली. हे ली एक व्हीपीएन कंपनी चालवत होते. कोरियाच्या जुन्या राजघराण्याचे वारसदार म्हणूनही ते ओळखले जातात. कंपनीचा संबंध फ्रीनोडच्या वार्षिक परिषदेच्या व्यवहारापुरता आहे, नेटवर्कच्या कारभाराशी नाही, अशी स्वयंसेवकांची समजूत होती. कराराचा मजकूर त्यांनी पाहिलेला नव्हता. चार वर्षे रोजचा कारभार पूर्वीसारखाच चालला, म्हणून कोणी विचारले नाही. २०२१ मध्ये मालकी हक्काचा प्रश्न उघड्यावर आला. ली यांचे म्हणणे, नेटवर्क कायद्याने माझे आहे आणि मी त्यात पैसा घातला आहे. स्वयंसेवकांचे म्हणणे, जी गोष्ट विक्रीला नव्हती ती विकली गेली.

१९ मे २०२१ रोजी स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे दिले आणि त्याच दिवशी ‘लिबेरा चॅट’ नावाचे नवे नेटवर्क सुरू केले. आठवडाभरात, २६ मेच्या सुमारास, फ्रीनोडवरच्या सुमारे ७०० चॅनेलांचा ताबा त्यांच्या चालकांकडून काढून घेण्यात आला. चॅनेलच्या माथ्यावरच्या ओळीत ‘लिबेरा’ असा उल्लेख आढळणे हे त्याचे निमित्त होते. ‘आम्ही नव्या घरी गेलो आहोत’ एवढा पत्ता लिहून ठेवलेल्यांच्याही किल्ल्या त्यात गेल्या. जूनमध्ये फ्रीनोड नव्या प्रणालीवर हलवले गेले, तेव्हा जुन्या नोंदी सोबत आल्या नाहीत. वीस वर्षांपासूनची टोपणनावे आणि चॅनेलांची मालकी पुसली गेली, आणि प्रत्येकाला नव्याने नोंदणी करावी लागली. काही महिन्यांतच लिबेरा फ्रीनोडपेक्षा मोठे झाले.

यात खलनायक कोण हे ठरवत बसण्यात आम्हाला रस नाही. मोडले कुठे, ते बघण्यासारखे आहे. दप्तराची किल्ली २०१७ मध्ये गेली आणि ती घडामोड ज्यांच्या श्रमावर समूह उभा होता त्यांच्या डोळ्याआड झाली. मान्यता मात्र स्वयंसेवकांकडेच राहिली. चार वर्षे हा फरक कोणाला टोचला नाही, कारण कोणीही आपली किल्ली फिरवून पाहिली नव्हती. ली यांनी फिरवली तेव्हा कुलूप उघडले, पण घरात माणसे उरली नाहीत.

लिबेराने यातून घेतलेला धडा त्यांच्या रचनेतच दिसतो. ती स्वीडनमध्ये नोंदलेली, ना-नफा तत्त्वावरची संघटना आहे. म्हणजे विकता येईल अशी कंपनी मुळात ठेवलेलीच नाही.

या जुन्या जगातल्या दोन सोयी आजच्या ॲपांनी उचलायला हव्या होत्या असे राहून राहून वाटते. एक म्हणजे नावांची विभागणी. एका ‘#’ ने सुरू होणारे चॅनेल त्या नावाच्या प्रकल्पाचे असते, मग नोंदणी कोणीही केलेली असो. प्रकल्पाने मागितले तर नोंदणी करणाऱ्याला ते सोडावे लागते. नुसत्या विषयावरचे, कोणाच्याही मालकीचे नसलेले चॅनेल दोन ‘##’ ने सुरू होते आणि तिथे पहिला येईल त्याचा हक्क. नाव वाचूनच मालकी कळते. दुसरी सोय वारसाची. संस्थापकाचे खाते मुदत संपून बाद झाले, तर चॅनेल कोणाकडे जावे हे आधीच नोंदवता येते. थोडक्यात, मृत्युपत्र. व्हॉट्सॲपच्या चिठ्ठी टाकण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे.

ज्येष्ठतेची उतरंड

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर किल्ल्यांचा हिशेब अगदी वेगळा. तिथल्या प्रत्येक समूहात मॉडरेटरांची, म्हणजे समूह सांभाळणाऱ्यांची, यादी असते आणि यादीत जो वर तो खालच्या कोणालाही काढू शकतो. एरवी खालचा वरच्याला हात लावू शकत नाही. नवा माणूस नेहमी तळाशी येतो. आधी आला तो कायमचा मोठा, मग त्याने पाच वर्षांत एक पोस्ट तपासलेली नसली तरी.

याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही. सर्वांत वरचा, मेहनती मॉडरेटर थकून बाजूला झाला, तर शिखरावर कोण येतो? ज्याला तो तयार करत होता तो नाही, तर यादीतला दुसरा. आणि दुसरा अनेकदा समूह सुरू झाला तेव्हाचा, नंतर गायब झालेला मित्र असतो. चांगल्या मनाने दिलेला राजीनामा अशा रीतीने झोपलेल्या माणसाला गादीवर बसवतो. म्हणून इथे बाहेर पडण्याचा क्रम महत्त्वाचा. वरच्याने आधी आपल्या आणि खऱ्या वारसाच्या मधली निष्क्रिय नावे काढायची, त्यांना तसे कळवायचे, आठवडाभर उत्तराची वाट पाहायची, आणि मगच स्वतः उतरायचे. काढण्याचा अधिकार फक्त वरच्याकडे असल्यामुळे तो गेल्यावर हे काम पूर्वी कोणालाच करता येत नसे. मग कंपनीकडे अर्ज करत बसावे लागे.

शिखरावर बसलेला एकटा माणूस काय करू शकतो, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचा नवा भाग आला. सर्व्हरांवर इतकी गर्दी झाली की लोकांना खेळात शिरता येईना. त्या खेळाच्या रेडिट समूहाच्या प्रमुख मॉडरेटरलाही शिरता आले नाही, म्हणून त्याने रागाच्या भरात लाखो लोकांचा तो समूह खाजगी करून टाकला. मग तो रेडिटच्या मध्यस्थीने पुन्हा उघडला. नियमांप्रमाणे त्याने काही चोरले नव्हते. बटण त्याचेच होते.

उलट टोक २०२३ मधले. एपीआय (बाहेरच्या ॲपांना रेडिटची माहिती घेऊ देणारी सोय) वापराच्या नव्या दरांविरुद्ध १२ जूनपासून हजारो समूहांनी दारे बंद केली. रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी एका मुलाखतीत मॉडरेटरांची तुलना जमीनदारांशी केली आणि सदस्यांना मतदानाने त्यांना हटवता यावे, असे सुचवले. त्यापाठोपाठ काही समूहांचे मॉडरेटर कंपनीने थेट हटवले.

जमीनदारीवर बोट ठेवले ते बरोबरच होते असे आमचे मत आहे. आधी आला म्हणून पिढीजात हक्क, हा न्याय नव्हेच. पण ज्या दिवशी कुळांनी आणि जमीनदारांनी मिळून सरकारविरुद्ध संप केला त्याच दिवशी सरकारला कूळकायदा आठवावा, यालाही न्याय म्हणत नाहीत. वादाच्या ऐन मध्यावर आणलेला नियम कितीही चांगला असो, तो कोणावर तरी नेम धरून आणल्यासारखा दिसतो. पुढे शांत काळात रेडिटने जे केले ते अधिक टिकाऊ आहे: सक्रिय मॉडरेटरांना निष्क्रियांच्या वर जाण्याची सोय दिली, आणि एका माणसाकडे किती मोठे समूह असावेत यावर मर्यादा २०२५ मध्ये जाहीर केली. आठवड्याला १ लाखाहून अधिक लोक येतात असे जास्तीत जास्त पाच.

प्रचालक आणि चावडी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथे ॲडमिनला ‘प्रचालक’ म्हणतात आणि सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला ‘चावडी’. विकिपीडियाचे अधिकार वाटपाचे नियम सगळ्या ऑनलाइन जगात बहुधा सर्वांत जास्त घासूनपुसून झालेले आहेत, म्हणून त्यातले आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत.

निष्क्रियतेचा नियम असा: ज्या भाषेच्या विकीचा स्वतःचा वेगळा नियम नाही, तिथे दोन वर्षे एकही संपादन किंवा प्रचालकीय कृती न करणाऱ्याला आधी सूचना जाते, आणि उत्तर न आल्यास अधिकार काढले जातात. यात दोष किंवा अपमान काही नाही. वापरात नसलेले, पासवर्ड फुटू शकेल असे खाते म्हणजे उघडे राहिलेले मागचे दार, एवढेच कारण. इंग्रजी विकिपीडियाचा नियम अधिक कडक: १२ महिने पूर्ण शांतता, किंवा पाच वर्षांत १०० पेक्षा कमी संपादने, तर अधिकार जातात. दुसरी अट नंतर आली. पहिल्या अटीतून सुटण्यासाठी काही जण वर्षाला एखादा स्वल्पविराम दुरुस्त करून गादी राखत असत.

परत बोलावण्याचा हक्कही २०२४ मध्ये तिथे आला. एका महिन्यात २५ अनुभवी सदस्यांनी सह्या केल्या, तर त्या प्रचालकाला नव्याने विश्वास मिळवावा लागतो. पहिल्यांदा निवडून येताना साधारण ७५ टक्के पाठिंबा लागतो. अशा फेरनिवडीत त्यापेक्षा कमी पुरतो. ही सवलत विचारपूर्वक ठेवलेली आहे. भांडणे सोडवणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षांत शत्रू होणारच. नवख्याइतकाच पाठिंबा त्याच्याकडून मागितला, तर कोणी कटू निर्णय घेणारच नाही.

मतदार कोण, हा प्रश्न त्याहून नाजूक. विकिमीडियाच्या ‘स्ट्युअर्ड’ या जागतिक पदाच्या वार्षिक निवडणुकीत मत द्यायला किमान ६०० संपादने लागतात, त्यातली काही अलीकडची असावी लागतात, आणि उमेदवाराला किमान ३० जणांचा आणि ८० टक्के पाठिंबा हवा असतो. आदल्या रात्री आणलेली वऱ्हाडी मंडळी मतदान फिरवू शकत नाहीत.

नियम असूनही घात होतो, याचे उदाहरण क्रोएशियन विकिपीडिया. तिथे सुमारे दहा वर्षे मोजक्या प्रचालकांच्या टोळक्याने इतिहासाचे अतिराष्ट्रवादी चित्र रंगवले. विरोध करणाऱ्याला ते आधी ब्लॉक करत. ब्लॉक झालेला मत देऊ शकत नाही. मग मतदानात टोळक्याचेच बहुमत, आणि कमी पडले तर बनावट खाती. २०२० मध्ये ही पकड सुटली आणि विकिमीडिया फाउंडेशनने करवून घेतलेला अहवाल २०२१ मध्ये आला. काढून टाकण्याचा अधिकार आणि मतदारयादी एकाच हातात असेल, तर निवडणूक कितीही वेळा घ्या, निकाल तोच लागतो. म्हणूनच हस्तांतराच्या मतदानाआधीच्या दोन-तीन महिन्यांत कोणाकोणाला काढले, ती यादी समोर ठेवणे आणि त्यातल्या वादग्रस्त नावांना मत देऊ देणे, हे साधे औषध आहे. आपल्याकडच्या ग्रुपांतही ते चालते.

आपल्या ग्रुपचा चार्ज देताना

आधी एका भीतीबद्दल, कारण ती हस्तांतराच्या आड येते. ‘ॲडमिन झालो आणि कोणी काही टाकले तर पोलिस मलाच पकडतील’ म्हणून चांगली माणसे मागे सरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसायला हवे. ॲडमिनकडे माणसे घेणे-काढणे एवढाच जादा अधिकार आहे, हेही न्यायालयाने नोंदवले. म्हणजे स्वतः चिथावणी देण्याची मुभा मिळाली असे नव्हे.

आता कृती. घाईचे कारण नसेल तर एकूण महिना धरा. पहिल्या दिवशी मावळत्याने ग्रुपवर जाहीर करायचे: मी अमुक तारखेला चार्ज सोडतोय, नावे सुचवा. स्वतःचा वारस स्वतः जाहीर करून मग ‘कोणाची हरकत?’ असे विचारणे म्हणजे संमती घेणे नव्हे. शेजाऱ्यासमोर शेजाऱ्याविरुद्ध हात वर करायला कोणीच धजत नाही. त्याच कारणाने व्हॉट्सॲपच्या पोलवर अवलंबून राहू नये. तिथे कोणी कोणाला मत दिले ते साधारणपणे सगळ्यांना दिसते आणि लोक आधीच्या मतांकडे बघून मत देतात. टेलिग्रामचा पोल निनावी ठेवता येतो. ते नसेल तर दोन्ही बाजूंना चालेल अशा, उमेदवार नसलेल्या सदस्याला खाजगी मेसेजने मते कळवावीत. मतदार तोच, जो घोषणेच्या दिवसाआधी ग्रुपमध्ये होता. मुदत ७ दिवस ठेवा, त्यात एक रविवार येऊ द्या. परदेशातले सदस्य असतील तर वेळ कोणत्या देशाची ते लिहा. न्यू जर्सीत रविवारची सकाळ असते तेव्हा पुण्यात संध्याकाळ झालेली असते, आणि ‘रात्री १२ पर्यंत’ यावरून खरोखरच भांडणे होतात.

निवड झाली की लगेच सगळे बटण हाती देऊ नका. दोन आठवडे दोघांनी मिळून काम करावे: नव्याने निर्णय घ्यायचा, जुन्याने फक्त बघायचे आणि विचारले तर सांगायचे. कोणता सदस्य दर गणपतीत वर्गणीवरून वाद काढतो, कोणाची चेष्टा खरोखर चेष्टा असते, हे ज्ञान कुठल्याही फाइलमध्ये नसते. ते या दोन आठवड्यांत उतरते.

मग बटण. व्हॉट्सॲपवर एक मेख आहे: ग्रुप ज्याने बनवला त्याला तो स्वतः ग्रुपमध्ये असेपर्यंत कोणी काढू शकत नाही आणि त्याचे ॲडमिनपदही काढता येत नाही. म्हणजे ‘आता तू बघ’ म्हणून संस्थापक नुसता गप्प बसला तर चार्ज दिलाच गेलेला नाही. त्याने किमान दोन नवे ॲडमिन झाल्याची खात्री करून ग्रुप सोडायचा आणि नव्या ॲडमिनने त्याला साधा सदस्य म्हणून परत घ्यायचे. जुन्या माणसाला हे थोडे लागते. आधी समजावून सांगितले, तर तेवढे लागत नाही.

टेलिग्रामवर २ लाखांपर्यंत सदस्यांचा ग्रुप चालतो आणि तिथे मालकी सोपवण्याचे वेगळे बटण आहे. आधी समोरच्याला सगळे अधिकार देऊन ॲडमिन करायचे, त्यात नवे ॲडमिन नेमण्याचा अधिकारही आला. मग त्याच्या नावाखाली मालकी हस्तांतराचा पर्याय उमटतो. पण मालकाच्या खात्यावर टू-स्टेप पासवर्ड किमान ७ दिवस आधी लावलेला हवा आणि ज्या फोनवरून हे करायचे त्यावर किमान २४ तास आधी लॉगिन झालेले हवे. चोरलेल्या फोनवरून कोणी तासाभरात समूह लाटू नये म्हणून ही अट आहे. बहुतेकांना ती हस्तांतराच्या दिवशीच कळते आणि समारंभ आठवडाभर लांबतो. मालकी एकदा गेली की ती परत द्यायची की नाही, हे नव्या मालकाच्या मर्जीवर.

फेसबुक ग्रुपवर सावध राहायचे ते वेगळ्या कारणाने: नवा ॲडमिन दुसऱ्या ॲडमिनला काढू शकतो. म्हणून पहिले काही आठवडे मॉडरेटर आणि नंतर ॲडमिन, हा जिना तिथे सोडू नये.

दप्तरात सर्वांत जास्त चुका तक्रारींबाबत होतात. समजा एका सदस्येने खाजगीत कळवले की अमुक माणूस रात्री नको ते मेसेज पाठवतो, आणि तिच्या तक्रारीवरून त्याला काढले. ही नोंद नव्या ॲडमिनला द्यायची का? काढल्याची तारीख आणि कारणाचा प्रकार द्यावा, नाहीतर तो माणूस गोड बोलून परत येईल. तक्रार करणारीचे नाव आणि स्क्रीनशॉट तिला विचारल्याशिवाय देऊ नयेत. तिने विश्वास मावळत्या माणसावर टाकला होता, खुर्चीवर नाही. नवा ॲडमिन त्या माणसाचा मित्र असेल, तर ही नोंद तिसऱ्या कोणाकडे ठेवावी. जुने निर्णय सरसकट रद्द करण्याची हौसही नव्याने आवरावी. काढलेल्यांना फेरविचाराचा अर्ज करू द्यावा आणि तो पूर्वी त्या निर्णयात नसलेल्याने तपासावा.

पैसे असतील, मग ते सहलीच्या वर्गणीचे उरलेले ८४० रुपये का असेनात, हिशेब ग्रुपवर टाकूनच द्यावेत.

कधी मावळता माणूस उरतच नाही. आजारपण येते, मृत्यू येतो, किंवा नंबर बंद पडतो. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि व्हॉट्सॲप खाते साधारण १२० दिवस वापरले नाही तर काढून टाकते. एकाच नंबरवर सगळे अधिकार ठेवले तर काय होईल, ते या दोन आकड्यांवरून ताडता येते. तीन ॲडमिन, तेही एकाच घरातले नकोत, हा किमान बंदोबस्त. समूहाचा गूगल ई-मेल असेल, तर त्यात निष्क्रिय खात्याची सोय असते. ३ ते १८ महिन्यांपैकी ठरवलेला काळ खाते वापरले गेले नाही, तर आपण आधी नेमलेल्या माणसांना, जास्तीत जास्त १० जणांना, निवडलेली माहिती मिळते. पासवर्ड मिळत नाही, फक्त माहिती. दप्तर वाचवायला तेवढे पुरते.

आणि निवड झाल्यावरही मोठा गट नाराज राहिला तर? त्यांना वेगळा ग्रुप काढायचा असेल, तर काढू द्यावा आणि त्याची लिंक मूळ ग्रुपवर एकदा टाकू द्यावी. फ्रीनोडवर नेमकी ही एक ओळ लिहिणे गुन्हा ठरवले गेले, आणि अजून कुंपणावर बसलेले प्रकल्पही त्यामुळे उठून गेले.

चार्ज दिल्या दिवशी शेवटी एक गोष्ट तपासावी. ग्रुपच्या ई-मेलचा पासवर्ड बदलला, ॲडमिन बदलला, हिशेब दिला, तरी त्या ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर कोणाचा आहे ते बघावे. तो अजून जुन्या ॲडमिनच्या घरातल्या कोणाचा असेल, तर एका ओटीपीवर सगळ्या किल्ल्या परत त्याच कमरेला.